मातापित्यांचे गुण अपत्याकडे कसे येतात?

सडक अर्जुनीकडील शेतकरी ज्या बांधीतील लोंब्या भरघोस, तेथीलच धान बियाण्यासाठी राखतो. गुण बियाण्यातून उतरतात हे त्याला ठाऊक असते. ते कोणत्या नियमाने उतरतात, याचा उलगडा ग्रेगर मेंडेल या धर्मगुरूने वाटाण्यावरील प्रयोगांतून केला व १८६६ साली तो प्रसिद्ध झाला. अपत्यास प्रत्येक जनुकाच्या सामान्यतः दोन प्रती मिळतात, एक मातेकडून व एक पित्याकडून. उंची, वर्ण यांसारख्या गुणांमागे अनेक जनुके असतात व उंचीत आहाराचाही वाटा असतो. तेथे हिशेब इतका सरळ नसतो. परंतु काही गुण एकाच जनुकावर अवलंबून असतात.

पूर्व विदर्भात आढळणारा सिकलसेल हा आजार त्यांपैकीच होय. १९५८ साली शुक्ला व सोळंकी यांनी मध्य भारतातील या दोषाविषयीचा लेख प्रसिद्ध केला. यात रक्तातील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या व ताठर होतात, लहान रक्तवाहिन्यांत अडकतात आणि तीव्र वेदना होतात. दोषयुक्त जनुक एकाच बाजूने आले, तर ती व्यक्ती केवळ वाहक असते व तिला बहुधा त्रास होत नाही. उलट लहानपणी घातक हिवतापापासून वाहकास काहीसे संरक्षण मिळते. हिवतापाच्या प्रदेशांत हा दोष टिकून राहिला तो यामुळेच.

दोन्ही मातापिता वाहक असल्यास काय घडते, हे वर्गात चिंचोक्यांनी दाखविता येईल. चिंचोका फोडून दोन फाका घ्याव्यात: एक मातेची, दुसरी पित्याची. काळी बाजू म्हणजे निर्दोष जनुक, पांढरी म्हणजे दोषयुक्त. दोन्ही फाका शंभर वेळा एकत्र टाकून मुलांकडून नोंद करवावी. दोन्ही पांढऱ्या सुमारे २५ वेळा, एक काळी व एक पांढरी सुमारे ५० वेळा आणि दोन्ही काळ्या सुमारे २५ वेळा पडतील. (फाक अगदी समतोल पडतेच असे नाही, नाणी अधिक विश्वासू.) प्रत्येक गर्भधारणा ही नवी फेक असते. पहिले मूल आजारी निघाले म्हणून पुढील तिघे निरोगी निघतील, असा हिशेब नाही.

आजारी मूल जन्मले की कित्येक घरी सारा दोष आईच्या माथी मारला जातो. चिंचोक्याची दुसरी फाक पित्याची असते, हे ज्या मुलांनी स्वतः मोजले ती हे घरी सांगू शकतील. आजार स्पर्शाने पसरत नाही. अशा मुलास वेगळे बसविण्याचे काहीच कारण नाही.

वारंवार सांधे दुखणारे, लवकर थकणारे, डोळे पिवळे दिसणारे मूल गैरहजर राहिले, तर त्यास कामचुकार न ठरविता पालकांना प्राथमिक आरोग्य केंद्राची वाट दाखवावी. विद्राव्यता चाचणीने दोष आहे एवढेच कळते; मूल वाहक की रुग्ण, हे पुढील तपासणीने ठरते. निदान झालेल्या मुलास तासाच्या मध्येही पाणी पिण्याची व लघवीस जाण्याची मुभा असावी, थंडीत त्यास बाहेर कुडकुडत बसवू नये, आणि ताप वा छातीत दुखणे सुरू होताच शाळा सुटण्याची वाट न पाहता दवाखान्यात पोहोचवावे.