शिबिरातल्या चिठ्ठीवरचं ‘बोन मास’

कारखान्यातल्या आरोग्य शिबिरात धातूच्या पट्ट्यांवर अनवाणी उभं केलं की यंत्र शरीरातून अतिसूक्ष्म वीजप्रवाह सोडतं आणि त्याला होणारा अडथळा मोजतं. पाणीदार स्नायूंतून प्रवाह सहज जातो. चरबी आणि हाडं त्याला अडवतात. चिठ्ठीवर छापलेलं ‘बोन मास’ हे हाडांचं थेट मोजमाप नसतंच. उंची, वजन, वय आणि स्नायूंच्या अंदाजावरून सूत्राने काढलेला तो आकडा असतो. भोसरीच्या फाउंड्रीत किंवा चाकणच्या वेल्डिंग शॉपमध्ये पाळीभर घाम गाळलेल्या कामगाराच्या अंगातलं पाणी घटलेलं असतं. तेवढ्यानेही आकडा हलतो.

हाडं ठिसूळ होण्याच्या आजाराचं, म्हणजे ऑस्टिओपोरोसिसचं, निदान करायला डेक्सा लागते, म्हणजे कंबरेचे मणके आणि खुबा यांच्या घनतेची क्ष-किरण तपासणी. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९४ च्या निकषानुसार टी-स्कोअर (निरोगी तरुण प्रौढांच्या तुलनेत हाडांची घनता) उणे २.५ किंवा त्याखाली असेल तर ऑस्टिओपोरोसिस.

समजा, एखादं चाचणी-यंत्र रुग्ण आणि निरोगी दोन्ही ८० टक्के अचूक ओळखतं, आणि १०० स्त्रियांपैकी २० जणींना आजार आहे. यंत्र १६ जणींचा आजार पकडेल, ४ जणी सुटतील. निरोगी ८० पैकी १६ जणींनाही ते ‘हाडं ठिसूळ’ असं सांगेल. म्हणजे हे ऐकणाऱ्या ३२ जणींपैकी निम्म्याच खऱ्या रुग्ण. सुटलेल्या चौघींची काळजी जास्त, कारण त्या निर्धास्त घरी जातात.

रजोनिवृत्ती झालेली, दीर्घकाळ स्टेरॉइड घेणारी किंवा किरकोळ पडून हाड मोडलेली स्त्री असेल, तर चिठ्ठी काहीही म्हणो, डॉक्टरांना डेक्साबद्दल विचारावं. पेसमेकर बसवलेल्यांनी शिबिरातल्या या यंत्रावर उभंच राहू नये.