अमाइन द्रावणाचे शुद्धीकरण

वसईचे इंग्रजी नाव लाभलेल्या अरबी समुद्रातील बसीन क्षेत्राच्या नैसर्गिक वायूत हायड्रोजन सल्फाइड असते. समुद्रतळावरील नलिकेने तो गुजरातमधील हजिरा येथे नेऊन अमाइनच्या जलीय द्रावणाने धुतला जातो. उष्णता दिली असता द्रावण शोषलेला वायू सोडते व पुन्हा वापरात येते; मात्र या फेऱ्यांत ते स्वतःच मळते. प्रस्तुत लेख या मळाविषयी आहे.

आयर्न सल्फाइडचे काळे कण गाळणीत अडकतात. (कोरडे झाल्यास ते हवेत आपोआप पेटू शकतात, म्हणून उघडलेली गाळणी ओली ठेवावी लागते.) फेस आणणारे हायड्रोकार्बन सक्रियित कोळसा शोषून घेतो. खरी अडचण फॉर्मेट, ॲसिटेट, थायोसायनेट या उष्णतास्थिर क्षारांची आहे. विरघळलेले असल्याने ते गाळणीतून निसटतात, कोळशाला दाद देत नाहीत आणि पुनर्जनन स्तंभातील सुमारे १२० अंश सेल्सिअस तापमानातही विघटित होत नाहीत. त्यांच्याशी बद्ध झालेले अमाइन शोषणास निरुपयोगी ठरते. शिवाय पोलादाची झीज वाढते.

कॉस्टिक सोडा घातल्यास अमाइन मोकळे होते खरे, परंतु क्षार सोडियमच्या रूपाने द्रावणातच उरतात. यास शुद्धीकरण म्हणणे प्रस्तुत लेखकास मान्य नाही. क्षार प्रत्यक्ष बाहेर काढण्यासाठी आयन-विनिमय किंवा निर्वात ऊर्ध्वपातन योजावे लागते. पहिल्यात क्षारयुक्त सांडपाणी निघते, दुसऱ्यात इंधन अधिक लागते.