माशाला फसवणारी माशी

ओढ्याकाठी गळ टाकून बसलेला माणूस तुम्ही पाहिला असेल. गळाला तो गांडूळ लावतो, नाहीतर कणकेची गोळी. पण थंड, वाहत्या पाण्यातला ट्राउट मासा मेफ्लायसारखे इवलेसे कीटक आवडीने खातो. हे कीटक इतके नाजूक, की गळात ओवायला जावे तो चुरगळतात! मग करायचे काय? सुमारे १८०० वर्षांपूर्वी ईलियन या रोमन लेखकाने मॅसिडोनियातल्या मासेमारांची युक्ती लिहून ठेवली आहे. ते गळाला तांबडी लोकर गुंडाळीत आणि तिच्यावर कोंबड्याची दोन पिसे बांधीत. हीच कृत्रिम माशी.

पुढे या माश्यांना पंख आले, पाय आले, चकचकीत पट्टेही आले. तुम्हाला वाटेल, जितके बारकावे जास्त तितकी माशी उत्तम. हे खरे आहे का? याचे उत्तर एका नदीच्या राखणदाराने दिले.

इंग्लंडमधल्या विल्टशायर परगण्यात एव्हन नावाची नदी आहे. फ्रँक सॉयर (१९०६–१९८०) यांनी तिची सुमारे अर्धशतक राखण केली. खडूच्या खडकातून झिरपून येणारे तिचे पाणी नितळ असते. त्या पाण्यात सॉयर तासन् तास टक लावून पाहत.

त्यांना काय दिसले? मेफ्लायला पंख फुटले, की तो जेमतेम काही तास किंवा काही दिवस जगतो आणि त्या काळात काही खातही नाही. त्याचे बहुतेक आयुष्य पाण्याखाली, पिल्लाच्या रूपात जाते. या पिल्लाला ‘निम्फ’ म्हणतात. ट्राउटही आपले बरेचसे खाणे पाण्याखालीच उरकतो. पोहताना निम्फ आपले पाय अंगाशी घट्ट धरतो. पंख फुटायची वेळ आली, की त्याच्या पाठीवर गडद फुगवटा दिसू लागतो.

तोवर अनेक जण निम्फला पिसांचे पाय बांधीत. सॉयर यांनी पायच गाळले! इतकेच नव्हे, तर दोराही गाळला. फेझंट पक्ष्याच्या शेपटीच्या पिसातले चार तंतू आणि तांब्याची बारीक तार, एवढ्यावर त्यांनी काम भागविले. तार तीन कामे करते. ती तंतू बांधून ठेवते. पाण्याच्या जवळजवळ नऊपट घनतेची असल्यामुळे माशी बुडविते. आणि तपकिरी तंतूंमधून तिची लालसर झाक दिसते. १९५८ साली त्यांनी ही माहिती पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली.

आता आपण तिचा नमुना करू या. खरा गळ मात्र नको, तो बोटात रुततो. कागदाच्या क्लिपेचा दोन सेंटिमीटर लांबीचा सरळ तुकडा घ्या. जुन्या वाइंडिंगची केसासारखी बारीक तार आणि तपकिरी लोकरीचे सुटे केलेले चार पदर घ्या.

१. तुकड्याचे एक टोक कपडे वाळत घालायच्या चिमट्यात पकडा. ही शेपटीची बाजू. मोकळ्या टोकाकडून शेपटीकडे तार गुंडाळत या. पुढच्या तिसऱ्या हिश्श्यात जास्त वेढे देऊन फुगवटा करा. उरलेली तार शेपटीशी लोंबती ठेवा.

२. तेथेच लोकरीचे पदर तारेने बांधा. त्यांची टोके तीन मिलिमीटर बाहेर राहू द्या. ही झाली शेपटी.

३. पदर आणि तार यांना एकत्र पीळ देऊन डोक्यापर्यंत गुंडाळा.

४. आता दोन्ही वेगळे करा. तार फुगवट्याच्या मागे न्या. पदर फुगवट्यावरून मागे दुमडून बांधा, मग पुढे दुमडून डोक्याशी बांधा. जादा टोके कापून टाका. झाला निम्फ!

तेवढ्याच जाडीचा दुसरा नमुना तारेऐवजी साध्या दोऱ्याने करा. दोन्ही भिजवून बादलीत एकाच वेळी सोडा. कोणता आधी तळाला जातो? का?

आपल्या सह्याद्रीतल्या ओढ्यांतही मेफ्लायची पिल्ले असतात. मोठ्या माणसांबरोबर जाऊन उथळ पाण्यातला एखादा दगड उलटा. चपटे, सहा पायांचे, बहुधा तीन शेपट्यांचे पिल्लू दिसले, तर त्याला पोहताना नीट पाहा आणि दगड पुन्हा जसाच्या तसा ठेवा. मग आपला नमुना काढून जुळवून पाहा. प्रतिकृतीत सगळेच उतरवावे लागत नाही. माशाच्या नजरेला काय पडते, तेवढे उतरवावे लागते. पण काय गाळायचे हे ठरविण्यासाठी आधी सगळे पाहावे लागते. सॉयर यांच्या चार तंतूंमागे असे वर्षानुवर्षांचे पाहणे होते.