खिशांतला ब्राउझर आणि परका संगणक

मावळ तालुक्यांतील बेडसे येथें वडिलोपार्जित जमीन आणि बिऱ्हाड मात्र पुण्यामुंबईस, अशा कुटुंबांना सातबाऱ्याचा उतारा पाहण्याची गरज वरचेवर पडते. कर्जाचें प्रकरण असो वा वारसाची नोंद, मुदत थोडी असते. असा एखादा गृहस्थ पेनड्राइव्हवर स्वतःचा ब्राउझर घेऊन कामशेतच्या एखाद्या दुकानांतील जुन्या संगणकापुढें बसला आणि तो ब्राउझर उघडेचना, तर दोष कोणाचा समजावा?

पेनड्राइव्हवरील ब्राउझर संगणकांत न बसवितां चालतो; आपल्या नोंदी व खुणा तो बरोबर बाळगतो. तथापि तो सर्वस्वी स्वतंत्र नसतो. प्रवासी वळकटी स्वतःची नेतो, पण छप्पर यजमानाचेंच असतें. येथें यजमान म्हणजे संगणकाची कार्यप्रणाली.

ब्राउझर मुळींच सुरू होत नसेल, तर प्रथम या छपराकडे पाहावें. ६४ बिटांची आवृत्ति ३२ बिटांच्या विंडोजवर चालत नाहीं. विंडोज ७ वर चालणारी क्रोमची शेवटची आवृत्ति १०९ वी, जानेवारी २०२३ मधील. फायरफॉक्सची ११५ वी, जुलै २०२३ मधील. यापुढील आवृत्त्या तेथें चालण्याची आशा धरूं नये.

ब्राउझर उघडतो, पण पान येत नाहीं, अशा वेळीं तेंच पान यजमान संगणकाच्या ब्राउझरमध्यें उघडून पाहावें. दोन्हीकडे अडलें, तर दोष बहुधा तारेचा, संकेतस्थळाचा किंवा त्या संगणकाचा. सुरक्षिततेची सूचना येत असेल, तर आधीं घड्याळ तपासावें. जुन्या संगणकांतील लहानशी बॅटरी संपली कीं तारीख मागें जाते, आणि संकेतस्थळाचें प्रमाणपत्र मुदतीबाहेरचें भासतें. तारीख नीट केल्यास पुष्कळदां काम भागतें. सूचना डावलून पुढें जाणें मात्र धोक्याचें.

अक्षरांच्या जागीं चौकटी दिसल्या, तर मजकूर बिघडला असें समजूं नये. बेडशाच्या लेण्यांतील ब्राह्मी लेख शाबूत आहेत. पण ती लिपि न जाणणाऱ्यास तो अर्थहीन रेघांचा खेळ वाटतो. तसाच हा प्रकार: संगणकांत देवनागरीचा युनिकोड टंक नसतो, एवढेंच.

जतन केलेले संकेतशब्द दुसऱ्या संगणकावर नाहींसे झाल्यास आश्चर्य नाहीं. विंडोजवर क्रोम त्यांचें कुलूप त्या संगणकावरील खात्याशीं बांधतो. किल्ली घरींच राहते. तसेंच नव्या आवृत्तींत वापरलेल्या नोंदी जुन्या आवृत्तींत उघडूं नयेत. २०१९ पासून फायरफॉक्स स्वतःच तशी मनाई करतो. काम संपल्यावर ब्राउझर बंद करून, पेनड्राइव्ह रीतसर सोडवूनच काढावा; एरवीं नोंदी अर्धवट लिहिल्या जातात.

डिजिटल स्वाक्षरीचा उतारा ब्राउझरमध्येंच उघडला, तर स्वाक्षरीची खातरजमा तेथें होत नाहीं. म्हणून उतारा खोटा ठरत नाहीं. ती पडताळणी स्वाक्षरी तपासणाऱ्या स्वतंत्र वाचकांत करावी.

शेवटीं एक गोष्ट विसरूं नये. ब्राउझर आपला असला तरी कळफलक परका आहे. त्या संगणकांत कळा टिपणारा एखादा छुपा कार्यक्रम असेल, तर खिशांतला ब्राउझर त्यापासून रक्षण करूं शकत नाहीं. उतारा पाहावा, बँकेचा संकेतशब्द मात्र घरींच टंकावा.