मैदानाबाहेरचा खेळ (लेखांक ५) : सहा गुण कचऱ्याचे

गेल्या लेखांकात आपण मदतनिधीसाठी भरवल्या जाणाऱ्या सामन्यांबद्दल बोललो. नट आणि निवृत्त खेळाडू मैदानात उतरतात, तिकिटं खपतात, संध्याकाळी भल्यामोठ्या धनादेशासोबत फोटो निघतो. त्या पैशाचं मोल आहेच. पण गरीब, निराधार पोरांना फुटबॉलमधून खरंच काही मिळावं असं वाटत असेल, तर एक सामना पुरत नाही. रोजचा सराव लागतो आणि त्या सरावाला जोडलेली एखादी अट लागते. ही अट कशी असावी, ते नैरोबीच्या मथारे वस्तीकडून शिकावं.

मथारेत पोरं प्लास्टिकच्या पिशव्या सुतळीने आवळून चेंडू करायची आणि कचऱ्याच्या ढिगांमधल्या मोकळ्या जागेत खेळायची. बॉब मन्रो या कॅनडाच्या गृहस्थांनी १९८७ साली त्यांच्यासाठी संघटना उभी केली. तुम्ही काही करणार असाल तर मीही करीन, नाहीतर नाही, असा रोखठोक व्यवहार. वस्तीत उघडी गटारं, तुंबलेलं पाणी, त्यातून रोगराई. म्हणून लीगचा नियमच असा केला की सामना जिंकला तर तीन गुण आणि आपल्या भागाची सफाई पुरी केली तर सहा. म्हणजे एखादा संघ मैदानात कितीही भारी असला, तरी फावडं-घमेलं घेऊन गटारावर आला नाही तर गुणतक्त्यात खालीच राहणार!

मला या हिशेबाचं फार कौतुक वाटतं. आपल्याकडे श्रमदान म्हटलं की आधी भाषण होतं. इथे भाषण नाही, गुण आहेत, आणि गुणांसाठी पोरं काय वाटेल ते करतात. पुढे याच संघटनेने शाळेच्या फीचा प्रश्नही असाच सोडवला. लहानांना शिकवणं, पंच म्हणून उभं राहणं, सफाईला येणं या सगळ्याचे गुण साठतात. ज्यांचे जास्त, त्यांना शिष्यवृत्ती मिळते आणि ती थेट शाळेत जमा होते. सामने लावण्यापासून शिट्टी फुंकण्यापर्यंत बहुतेक कारभार तरुण पोरंच पाहतात. १९९४ मध्ये इथून मथारे युनायटेड हा मोठा संघ निघाला आणि २००८ मध्ये तो केनियाच्या प्रीमियर लीगचा विजेता झाला. पेपरात ही बातमी मोठी. माझ्या लेखी शिट्टी धरलेलं चौदा-पंधरा वर्षांचं पोरगं त्याहून मोठं.

आफ्रिकेच्या दक्षिण भागात या शतकाच्या सुरुवातीला एड्सने घरंच्या घरं ओस पाडली होती. आई-बाप गेलेली मुलं आजीच्या पदराखाली वाढत होती. झिम्बाब्वेतल्या बुलावायोत तिथल्या क्लबमधून खेळलेल्या काही फुटबॉलपटूंनी २००२ साली फुटबॉलमधून पोरांना एड्सपासून जपायला शिकवणारी ‘ग्रासरूट सॉकर’ ही संस्था सुरू केली. त्यांचा एक खेळ सांगण्यासारखा आहे. मैदानात शंकू मांडतात आणि प्रत्येक शंकूला लैंगिक संबंधांतल्या एकेका धोक्याचं नाव देतात. चेंडू पायाने खेळवत त्यांच्यामधून जायचं. पहिल्या फेरीत शंकूला चेंडू लागला तर ज्याचा लागला त्याने जोर काढायचे. दुसऱ्या फेरीत त्याच्या सगळ्या संघाने. तिसऱ्या फेरीत मैदानावरच्या झाडून सगळ्यांनी. मग धापा टाकत गोल करून बसायचं आणि बोलायचं : चूक एकाची, मग जोर आपण का काढले? वर्गात जे बोलताना शिक्षकाची जीभ अडते, ते इथे पोरं आपणहून बोलतात.

आता आपल्या नागपूरकडे. हिस्लॉप कॉलेजातले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी पावसात झोपडपट्टीतल्या पोरांना तुटक्या बादलीला लाथा मारत खेळताना पाहिलं आणि २००१ मध्ये ‘झोपडपट्टी फुटबॉल’ सुरू झाला, ही गोष्ट नागराज मंजुळे यांच्या ‘झुंड’मुळे घरोघरी पोचली. त्यातून वाढलेल्या ‘स्लम सॉकर’ला २०१६ चा फिफाचा विविधता पुरस्कारही मिळाला. पण शिट्ट्या वाजवायला लावणारा भाग सिनेमाला लागतो; बारशांचं काम त्यानंतरच्या कंटाळवाण्या भागात आहे. एकदा खेळून निघून जाणाऱ्या पोराला परत बोलवायचं, व्यसनापासून दूर ठेवायचं, शाळेत बसवायचं आणि पुढे त्यालाच प्रशिक्षक करायचं. ही संस्था भारताचा संघ बेघरांच्या विश्वचषकाला पाठवते. २००३ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात सुरू झालेल्या या स्पर्धेत मैदानावर एका बाजूला चारच खेळाडू आणि सात-सात मिनिटांचे दोन डाव. खेळाडूला आयुष्यात एकदाच खेळता येतं, मग तो कितीही गोल करो. पुढच्या वेळी जागा दुसऱ्याची. विजेते घडवणाऱ्या स्पर्धेत हा नियम वेडेपणाचा ठरेल; माणसं उभी करायची असतील तर याच्यासारखा शहाणा नियम नाही.

बालगृहांच्या बाबतीत मात्र जरा कडक बोलायला हवं. वर्षातून एकदा एखादी कंपनी येते, मुलांना जर्सी घालते, सामना होतो, वडापाव आणि सरबत होतं, फोटो निघतात, गाडी परत जाते. अनाथ मुलाच्या आयुष्यात माणसं येऊन जाण्याची आधीच कमतरता नसते, त्यात ही आणखी एक भर. शिवाय काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड होईल असं नाव किंवा छायाचित्र छापायला बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ ने मनाई आहे. जर्सीवर कंपनीचं नाव आणि खाली हसरे चेहरे, असे फोटो टाकणाऱ्यांना हे कुणीतरी सांगायला हवं. अठरा पूर्ण झाले की मुलाला सहसा बालगृह सोडावं लागतं. त्या वेळी ओळखीचा एखादा प्रशिक्षक आणि संघातली चार पोरं पाठीशी असतील, तर खोली शोधण्यापासून नोकरीसाठी शब्द टाकण्यापर्यंत कुणीतरी असतं.

म्हणून तुमच्याकडे कुणी फुटबॉलच्या नावाने पावतीपुस्तक घेऊन आलं, तर दोन गोष्टी विचारा. प्रशिक्षकाला दरमहा मानधन मिळतं का? आणि तो या मुलांसोबत किती वर्षं आहे? नीट उत्तर मिळालं तर पैसे जरूर द्या, आणि ते जर्सीसाठी नाही, त्या मानधनासाठी आहेत असं पावतीवर लिहून घ्या.

(पुढील लेखांकात : झारखंडमधल्या मुलींचं मैदान)