फुटलेला अल्सर आणि हातातले तास

जठराच्या किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात आतल्या अस्तराला पडलेली जखम म्हणजे अल्सर. ही जखम खोल जाऊन भिंतीला आरपार भोक पडले, की 'अल्सर फुटला' असे आपण म्हणतो. जठरातले आम्ल, पाचकरस आणि अन्न मग उदरपोकळीत सांडते. यावर बहुधा तातडीची शस्त्रक्रिया करावी लागते. पोट धुऊन काढतात आणि भोकावर ओमेंटमचा, म्हणजे आतड्यांपुढे लोंबणाऱ्या चरबीच्या पडद्याचा, तुकडा टाक्यांनी बसवतात. टोरोंटोचे शल्यचिकित्सक रॉस्को ग्रॅहॅम यांनी १९३७ मध्ये वर्णन केलेली ही पद्धत थोड्याफार फरकाने आजही वापरली जाते.

शस्त्रक्रिया तीच, तरी एक रोगी आठवड्यात घरी जातो आणि दुसऱ्याला न्यूमोनिया होतो, पोटात पू साठतो, टाक्यांतून पुन्हा गळती होते किंवा मूत्रपिंडे निकामी होतात. असे का होते?

हाँगकाँगचे जॉन बोई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये या प्रश्नाचे उत्तर तीन घटकांत मांडले : रोग्याला आधीपासून असलेला हृदय, फुफ्फुसे, मूत्रपिंड यांसारखा गंभीर आजार, शस्त्रक्रियेपूर्वीच रक्तदाब घसरून आलेला शॉक, आणि भोक पडून उलटलेले २४ तास. यांपैकी एकही घटक नसलेल्या रोग्यांत मृत्यू झाला नाही. एक असता मृत्यूचे प्रमाण १० टक्के, दोन असता सुमारे ४५ टक्के होते. तिन्ही असलेले कोणीही वाचले नाही. आजच्या अतिदक्षता विभागांमुळे हे आकडे जसेच्या तसे लागू पडत नाहीत, पण चढता क्रम तोच आहे. वाढलेले वय, मोठे भोक आणि रक्तातील अल्ब्युमिनची कमतरता हेही धोक्याचे घटक आहेत.

वय किंवा जुना आजार ऐनवेळी बदलता येत नाही. वेळ मात्र वाचवता येते. सुरुवातीला सांडते ते मुख्यतः आम्ल. ते पोटाच्या अस्तराला भाजते. आम्लात जंतू फारसे टिकत नसल्याने पहिल्या काही तासांत संसर्ग कमी असतो. पुढे जंतू वाढून रक्तात शिरतात, शरीरातले पाणी पोटात झिरपते आणि रक्तदाब उतरतो. म्हणजे उशीर हा स्वतः एक धोका आहेच, शिवाय तो शॉकलाही बोलावतो. डेन्मार्कमधील २,६६८ रोग्यांच्या २०१३ मधील अभ्यासात, पहिल्या २४ तासांत शस्त्रक्रियेला होणाऱ्या प्रत्येक तासाच्या उशिराबरोबर वाचण्याची शक्यता सरासरी २.४ टक्क्यांनी घटत होती. चक्रवाढ व्याजाच्या रीतीने वर्गात हिशेब करून पाहा : दहा तासांनी मूळ शक्यतेच्या सुमारे ७८ टक्केच उरते.

तासगावहून सांगली सुमारे २५ किलोमीटर. त्यापुढे मिरज, तेथे विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय काढले आणि १९६२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. वाटेत दिवस जावा एवढे हे अंतर नाही. उशीर होतो तो बहुधा घरातच. 'पित्त झालं असेल', 'सोडा घेऊन बघ', 'सकाळी जाऊ' यात रात्र सरते. त्यात आणखी एक फसवणूक असते : काही तासांनी पोटात झिरपलेल्या पाण्याने आम्ल पातळ होते आणि वेदना थोडी कमी वाटते. घरचे निर्धास्त होतात, आत जंतू वाढत असतात.

द्राक्षबागेत छाटणीच्या दिवसांत कंबर धरली, की वेदनाशामक गोळी घेतली जाते. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्या जठराच्या अस्तराचे संरक्षण करणारी प्रोस्टाग्लँडिने कमी करतात. हेलिकोबॅक्टर जंतू आणि धूम्रपान यांच्याइतकाच या गोळ्यांचाही अल्सरशी संबंध आहे.

विद्यार्थ्यांना एवढे जरूर सांगावे : पोटात एकाएकी सुरी खुपसल्यासारखी कळ आली, पोट फळीसारखे ताठ झाले आणि हलले तरी दुखते म्हणून माणूस निपचित पडून राहिला, तर त्याला अन्न, पाणी वा गोळी काहीही तोंडाने देऊ नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. आणि कळ किती वाजता सुरू झाली ते कागदावर लिहून डॉक्टरांच्या हाती द्यावे.