अंगावरची लव आणि उवांची साक्ष

सकाळच्या तिरप्या उन्हात हात आडवा धरून पाहा. मनगटापासून कोपरापर्यंत बारीक, फिकट लव चमकताना दिसेल. माणसाच्या अंगावरचे केस गेले, असं आपण सहज म्हणतो. ते खरं नाही. आपल्या कातडीत केसांची मुळं साधारण ५० लाख आहेत, चिंपांझीच्या तोडीची. केस गेले नाहीत. ते आखूड आणि बारीक झाले.

असं का झालं? चार्ल्स डार्विनने १८७१ मध्ये उत्तर दिलं ते जोडीदाराच्या पसंतीचं. उघडी कातडी अंगाला थेट फायद्याची असेल, असं त्याला वाटत नव्हतं. दाढीच्या बाबतीत त्याचं म्हणणं मला आजही पटतं. पण सगळ्या अंगाचं कोडं सुटतं ते घामाने.

आफ्रिकेच्या मोकळ्या माळावर आपले पूर्वज दोन पायांवर, भर उन्हात लांबलांब चालू लागले. कुत्रा धापा टाकून अंग निववतो. आपण घामावर निवतो. आपल्या कातडीत २० ते ४० लाख घामाच्या ग्रंथी आहेत, चिंपांझीच्या मानाने सुमारे दहापट दाट. दाट केसांत घाम केसांच्या टोकाशीच सुकतो आणि कातडी तापलेलीच राहते. उघड्या कातडीवरचा घाम वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. वैशाखात शेतात राबणाऱ्याच्या भिजल्या पाठीला वाऱ्याची झुळूक लागली, की जो गारवा वाटतो तो हाच.

मग डोक्यावरचे केस का राहिले? उभं चालणाऱ्याच्या टाळूवरच ऊन थेट पडतं. २०२३ मध्ये संशोधकांनी तापवलेल्या पुतळ्याला माणसाच्या केसांचे टोप घालून मोजमाप केलं. कुठल्याही केसांनी उन्हाची झळ कमी केली, पण सर्वांत जास्त अडवली ती घट्ट कुरळ्या केसांनी.

केस जीवाश्मात सहसा टिकत नाहीत, मग ही गोष्ट कधीची हे कसं कळायचं? इथे साक्षीला येतात उवा, आणि मला या सगळ्या शोधातला हाच भाग सर्वांत विलक्षण वाटतो. डोक्यातली ऊ चिंपांझीच्या उवेची नातलग, तर जांघेतली ऊ गोरिलाच्या उवेची. जनुकांवरून अंदाज असा, की ही दुसरी ऊ सुमारे ३३ लाख वर्षांपूर्वी आपल्याकडे आली. डोकं आणि जांघ ही तेव्हा दोन वेगळी रानं झाली असावीत, मधलं रान विरळ झालेलं. कातडी उघडी पडल्यावर तिला उन्हापासून राखायला गडद रंग हवा. त्या रंगाच्या जनुकावरून किमान १२ लाख वर्षं हा आकडा निघतो. आणि कपड्यांच्या शिवणीत राहणारी अंगावरची ऊ डोक्यातल्या उवेपासून वेगळी झाली ती बहुधा १ लाख ७० हजार वर्षांपूर्वी. म्हणजे उघड्या अंगाने माणूस लाखो वर्षं वावरला. वस्त्र फार उशिरा आलं.

मग इतर ठिकाणी उरलेल्या केसांचं काय? भुवया कपाळावरचा घाम डोळ्यांबाहेर वळवतात, पापण्यांचे केस डोळ्यांना धूळ-वाऱ्यापासून जपतात. काखेतले आणि जांघेतले केस वयात येताना उगवतात, ते वासाशी आणि वयाच्या खुणेशी जोडले जातात; तिथे अजून एकमत नाही.

आणि हातावरची ती लव? ब्रिटनमधल्या शेफील्ड विद्यापीठात २०११ मध्ये स्वयंसेवकांचा एक हात भादरून दोन्ही हातांवर भुकेले ढेकूण सोडले. लव असलेल्या हातावर ढेकणाला चावायची जागा शोधायला जास्त वेळ लागला, आणि तो चालतो आहे हे माणसाला लवकर कळलं.